पेलेट की पिंप

माझ्या वयाच्या बायका गुडघ्याचे पट्टे शोधत दुकानं फिरतात. मी मागच्या हिवाळ्यात मटण भाजायचं यंत्र शोधत होते. एका बाजूला पेलेट ग्रिल, दुसऱ्या बाजूला कोळशाचं पिंप, आणि मधे मी. शेजारणीला वाटलं, बँकेतनं रिटायर झाल्यावर ही आता खानावळ काढतेय. मी तिला तसंच वाटू दिलं. खरं कारण सांगितलं असतं तर तिनं कीव केली असती, आणि कीव मला सोसत नाही.

या सगळ्याची सुरुवात लेकीनं केली. ती टेक्सासात असते. आमचे हे गेल्यावर तिनं मला हवापालट म्हणून काही दिवस तिकडं नेलं. जावयाच्या परसात ते पेलेट ग्रिल होतं. चाकांवरची पत्र्याची पेटी, बाजूला एक डबा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या त्या डब्यात ओतायच्या. आपल्याकडं म्हशीपुढं गोळी पेंड टाकतात, थेट तशा. मी जावयाला विचारलं, "जनावर कुठं बांधलंय?" तो बिचारा हसला आणि खिशातनं फोन काढून दाखवायला लागला. आच किती, मांस आतून किती तापलंय, सगळं फोनवर. यंत्र विजेवर चालतं, आपल्या आपण कांड्या ओढतं, आपल्या आपण आच राखतं. सकाळी मांस आत ठेवून दोघं मला घेऊन बाजारात गेली आणि संध्याकाळी येऊन ते काढलं. चांगलं झालं होतं. खोटं कशाला बोलू.

त्यांच्या कुंपणापलीकडं एक म्हातारा राहायचा. त्याच्याकडं उभं काळं पिंप होतं. खाली निखारे, वर आकड्याला मांस, त्यावर झाकण. तो खुर्ची टाकून दिवसभर त्या पिंपाशेजारी बसायचा. बुडाजवळची हवेची खिडकी जरा उघडायची, जरा लावायची, एवढंच काम. पण त्याच्याशी बोलायला माणसं थांबायची. कुत्रं फिरवणारी बाई थांबायची, टपालवाला थांबायचा. आमच्या ग्रिलपाशी कुणी थांबल्याचं मी बघितलं नाही. थांबून बोलणार कुणाशी? हे मी तेव्हाच मनात धरून ठेवलं.

आता माझ्या रविवारांचं सांगते, नाहीतर हे सगळं म्हातारीला लागलेलं खूळ वाटेल. आमचे हे कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलेले. तालमीतले चार मित्र त्यांनी शेवटपर्यंत राखले. आम्ही शहराबाहेर रो-हाउस घेतलं तरी रविवारी सकाळी ती चौकडी हजर असायची. मागच्या परसात तीन दगडांची चूल लागायची आणि रस्सा व्हायचा. एक जण कांदा चिरायला, एक खोबरं भाजायला, एक जाळ घालायला, आणि एक नुसता "मीठ कमी हाय" म्हणायला. तो मीठ पडायच्या आधीपासून तेच म्हणायचा. पळी ह्यांच्या हातात. भाकऱ्या तेवढ्या माझ्याकडं. आठवडाभर बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकून माझं डोकं उठलेलं असायचं, आणि रविवारी हा गोंगाट. फुटबॉलवरनं भांडणं, मग समेट, मग पुन्हा भांडणं. मी आतनं ओरडायची, "जरा हळू बोला, कॉलनी आहे ही, पेठ नव्हे." त्यावर आणखी मोठ्यानं हसायचे.

हे गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत चौघं रोज येत होते. मग आठवड्यानं यायला लागले, मग फोन, मग सणाला फोन. प्रत्येक वेळी ठेवताना एकच वाक्य, "वैनी, काय लागलं तर सांगा." लागणार काय? सिलेंडर दारात येतो. औषधं घरपोच येतात. विजेचं बिल मी मोबाइलवर भरते, आणि चुकून जास्त आलं तर भांडूनही येते. मला काही लागत नव्हतं. मला माणसं पाहिजे होती. आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि त्यांचंही चुकत नव्हतं. मित्राच्या घरी जाणं वेगळं आणि मित्राच्या माघारी त्याच्या बायकोच्या घरी जाणं वेगळं. निमित्त असल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

रविवारी मी पाव किलो मटण आणते. आणायचं म्हणून आणते. खाटीक विचारतो, "एवढंच?" मी म्हणते, "एवढंच." पाव किलोत रस्सा होत नाही. छोट्या कुकरला दोन शिट्ट्या द्यायच्या, उभ्या उभ्या खायचं, आणि दुपारभर घर किती मोठं आहे ते बघत बसायचं. रविवार मला खायला उठतो, हे मी इथं पहिल्यांदाच लिहितेय.

म्हणून मला निमित्त पाहिजे होतं. चौघांना पुन्हा परसात आणील असं काहीतरी. चूल मी लावली असती, पण ह्यांच्या चुलीवर ह्यांच्या पळीनं रस्सा ढवळायचं माझ्यात बळ नव्हतं, आणि त्यांनीही तिथं बसून माझ्या रश्श्याची ह्यांच्या रश्श्याशी तुलना केली असती. नवीन काहीतरी हवं होतं, ज्याला मागची आठवण चिकटलेली नाही. मला टेक्सासातला म्हातारा आठवला.

लेकीला मी फक्त एवढंच म्हटलं, की तुमच्यासारखं काहीतरी घ्यावं म्हणतेय. तिनं ते एकदम उचलूनच धरलं. "आई, पेलेटवालंच घे. मी तिथं पोचवायची सोय करते. तू फक्त मटण आत ठेव, बाकी मी इथनं फोनवर बघते. तुला एकटीला सहज जमेल."

एकटीला जमेल. हे गेल्यापासून माझ्या घरात आलेली प्रत्येक वस्तू एकटीला जमणारी आहे. छोटा कुकर, छोटा फ्रीज, दोन भाकऱ्यांचा डबा. आता मटण भाजायचं यंत्रही तसंच. मला इतका राग आला की मी चहा ठेवायचा म्हणून फोन ठेवला.

मग आमची महिनाभर जुंपली. मी म्हटलं, आमच्याकडं लाईट जाते. ती म्हणाली, इन्व्हर्टर आहे. मी म्हटलं, कोल्हापूरच्या पावसात त्या कांड्या फुगून लापशी होईल. ती म्हणाली, हवाबंद डब्यात ठेव. मी म्हटलं, इथं पेंड मिळते, कांड्या मिळत नाहीत. ती म्हणाली, मी पाठवीन. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं उत्तर तयार. एरवी ही मुलगी दोनदा सांगून तिसऱ्यांदा सोडून देते. या वेळी ती का हटून बसलीय ते मला कळेना, आणि विचारावं असंही वाटलं नाही. मला वाटलं, अमेरिकेत राहून यंत्राचं वेड लागलंय.

शेवटी मी तिला न सांगता उद्यमनगरात गेले. तिथं पत्र्याचं कुठलंही काम होतं. खाद्यतेलाचं रिकामं पिंप, आतनं जाळून घासून काढलेलं, खाली जाळी, वर आकडे, बुडाजवळ सरकती खिडकी. करणाऱ्यानं विचारलं, "पाणी तापवायला व्हय काकू?" मी म्हटलं, "मटण भाजायला." तो म्हणाला, "पिंपात?" आणि शेजारच्या गाळ्यातल्या दोघांना बोलावून माझ्याकडं बघायला लावलं. पण काम झकास केलं. टेंपोतनं पिंप घरी आलं तेव्हा मला नवी सून घरात आल्यासारखा आनंद झाला होता.

मग मी चौघांतल्या थोरल्याला फोन लावला. "या रविवारी सगळे या. मटण हाय." तो म्हणाला, "येतो की वैनी." त्याचा आवाज बदलला होता. मला कळलं, तोही निमित्ताच्याच शोधात होता.

रविवारी पहाटे उठून पालव्याची, म्हणजे कोवळ्या बोकडाची, अख्खी मांडी चटणी, आलं-लसूण आणि मीठ चोळून आकड्याला लावली. कोळसा पेटवला, आंब्याच्या लाकडाचे दोन तुकडे टाकले, झाकण घातलं. परसात पाच खुर्च्या मांडल्या. धूर सरळ वर चालला होता आणि मी वेड्यासारखी खूश होते.

चौघं आले. एकानं पिशवीतनं स्वतःची सुरी आणली होती. जाळ घालणाऱ्यानं येतानाच बाह्या सरसावल्या होत्या. "बोला वैनी, कांदा कुठं हाय?"

"कांदा नाही लागत यात."

"मग खोबरं?"

"तेही नाही."

"मग करायचं काय?"

"बसायचं," मी म्हटलं.

ते बसले. सुरी आणलेल्यानं सुरी पुन्हा पिशवीत घातली. जाळवाला पिंपाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "जरा उघडून बघूया की." मी म्हटलं, झाकण उघडलं की आच जाते. तोही बसला. मिठाच्या माणसाला तर बोलायलाच काही नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसांची तोंडं बंदच होत नाहीत. त्या दिवशी कळलं, की हातात कांदा असला तरच त्यांना बोलता येतं. रिकाम्या हातांनी ते एकमेकांकडं बघत होते, आणि मग हळूच चुलीची जागा होती तिकडं. तिथं मी कुंडी ठेवली होती. कुणीतरी पावसाचं काढलं, ते संपलं. कुणीतरी माझ्या गुडघ्यांचं विचारलं, तेही संपलं. मग एकेक मोबाइल बाहेर निघाला.

दुपारी मांडी काढली. रंग सुरेख आला होता आणि बोटानं सुटत होती. मी पानं वाढली. भाकरी, मटण, कांदा, लिंबू. बसून घ्या म्हटलं. बसले, पण कुणी घासच उचलेना. चौघं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत. मी माझं पान वाढून घेऊन आले तरी तेच. शेवटी मिठाचा माणूस म्हणाला, "वैनी, रस्सा आणताय न्हवं?"

जन्म कोल्हापुरात गेला माझा. मंगळवार पेठेत वाढले, शिवाजी पेठेत दिली. आणि मी चार माणसांना रविवारी मटणाला बोलावलं होतं आणि रस्सा केला नव्हता. तांबडा नाही, पांढरा नाही, काही नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात तो टेक्सासातला म्हातारा बसला होता आणि त्याला कुणी रस्सा विचारत नाही.

"न्हाय केला," मी म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडात माहेरची भाषा येते.

"ऱ्हाऊ दे की, त्येला काय हुतंय," थोरला घाईघाईनं म्हणाला. मग चौघांनी भाकरी मटणाला लावून, मधे मधे पाणी पीत, पान संपवलं. "येगळंच लागतंया," एक जण म्हणाला. कोल्हापूरचा माणूस जेवणाला वेगळं म्हणाला की समजून घ्यावं. त्यांनी मन मोडलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा. जेवल्यावर पेठेच्या टीमची मॅच होती. फाटकापाशी थोरला थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, "वैनी, काय लागलं तर सांगा." आणि गाड्या सुरू झाल्या.

मी पाच खुर्च्या आत नेल्या नाहीत. पिंपावर राग आला, त्या चौघांवर आला, सगळ्यात जास्त ह्यांच्यावर आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी निदान असं तरी वाटायचं, की बोलावलं असतं तर आले असते. आता बोलावून झालं होतं.

ऊन उतरल्यावर मी उरलेल्या मांडीचा फोटो काढत होते, कशाला ते मलाच माहीत नाही, आणि हातातच व्हिडिओ कॉल वाजला. लेक होती. तिच्याकडं नुकतं उजाडलेलं. चुकून उचलला गेला. मागं पिंप दिसलंच तिला.

"घेतलंस म्हणजे," ती म्हणाली. मला वाटलं, आता चिडेल. ती चिडली नाही. "छान आहे. पण ते पेलेटवालं घेतलं असतंस ना आई, तर तू पेटवलंस की माझ्या फोनवर दिसलं असतं. तुझा रविवार उजाडतो तेव्हा माझी शनिवारची रात्र असते. झोपायच्या आधी मला कळलं असतं, की आई उठलीय आणि काहीतरी रांधतेय. तेवढंच."

"मग त्याला यंत्र कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "फोन कर की."

"करते की. दर रविवारी करते. तू उचलत नाहीस."

खरं होतं. रविवारी माझा आवाज माझ्या ताब्यात नसतो. तो तिला ऐकवायचा नाही म्हणून मी फोन वाजू देते आणि सोमवारी सकाळी धडधाकट आवाजात लावते, की अगं, देवळात गेले होते, फोन घरीच राहिला. तिनं एकदाही देऊळ कुठलं ते विचारलं नाही. मला वाटायचं, पटतंय तिला.

"शनिवार-रविवार मी नुसती तुझ्या सोमवारची वाट बघते," ती म्हणाली. "रडतेस का गं?"

पिंपाचा धूर होता सोयीला. पण मी "हो" म्हटलं. आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.