पाटी नको, विधेयक हवे

व्हर्ना लुईस स्टकल. जन्म १९४७, मृत्यू २०२१, दोन्ही पेनसिल्व्हेनियातील आमच्या हार्लन्स फोर्ज गावी. बाईंनी निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवली. त्यांचा धाकटा मुलगा डेल लष्करात सार्जंट होता. २००९ साली तो परदेशातल्या युद्धात, तिथल्या सरहद्दीवरच्या एका ठाण्यात मारला गेला. हल्लेखोर पलीकडच्या देशातून आले आणि तिकडेच सुखरूप परतले. तो देश आमच्या सरकारदरबारी प्रमुख लष्करी मित्रराष्ट्र म्हणून नोंदलेला होता.

हा दर्जा कायदा करून काढून घ्यावा, एवढीच बाईंची मागणी होती. आमच्याकडे दर दोन वर्षांनी नवे प्रतिनिधिगृह येते आणि जुन्यात मतदानावाचून राहिलेले प्रत्येक विधेयक आपोआप मरते. बाईंचे विधेयक असे दोनदा मेले. ते मांडणारे वृद्ध प्रतिनिधी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ग्रँट लॅफर्टी निवडून आला. लहानपणी तो बाईंच्याच बसने शाळेत येत असे. नागरिकशास्त्र त्याला मी शिकवले.

ईस्टरपूर्वीच्या एका शुक्रवारी अग्निशमन केंद्रात माशाच्या जेवणाला सारे गाव जमले होते. ग्रँटने उठून जाहीर केले की गावच्या पोस्टाला डेलचे नाव देण्याचे विधेयक तयार आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई हातातली थाळी ठेवून पुढे गेल्या.

"मला विचारलंस?"

"मिसेस स्टकल, म्हटलं तुम्हाला आनंदाचा धक्का द्यावा."

"बसला धक्का. आता माझं विधेयक कुठंय ते सांग."

ग्रँटने आवाज उतरवला. "या खेपेला नाही हो जमायचं. आपल्या फौजेचं सामान त्याच देशातून जातं. पक्षातली बडी मंडळी मला दारात उभं करणार नाहीत."

"बसमध्येही मी तुला उभं राहू देत नव्हते. पोचलास ना तरी शाळेत?"

लोक हसले. बाईंची नणंद आर्लीन मात्र कळवळून म्हणाली, "व्हर्ना, अगं लागू दे ना पाटी! लोक रोज आपल्या डेलचं नाव वाचतील."

"वाचतील, तिकिटं चिकटवतील आणि घरी जातील. त्याला मारणारे ज्या घरात लपले, त्याला आपण मित्राचं घर म्हणतोय, आर्लीन. आधी ते पुसू दे." मग त्या ग्रँटकडे वळल्या. "पोस्टाच्या कागदावर कुणाकुणाच्या सह्या आहेत?"

"आपल्या राज्यातल्या सगळ्या प्रतिनिधींच्या. तसा प्रघातच आहे."

"मग त्यांची दारं दाखव मला."

मी माझ्या गाडीतून त्यांना वॉशिंग्टनला नेले. बाईंच्या विधेयकावर सह्या मागत आम्ही दारोदार फिरलो. एक ज्येष्ठ प्रतिनिधी सौजन्याने म्हणाले, "बाई, परराष्ट्र धोरण मोठं गुंतागुंतीचं असतं."

"असेल की. माझ्या पोराचं नाव पोस्टावर लावायला तुम्ही सही केलीत. तो कुणाच्या हातून गेला ते ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग इथंही करा. नाहीतर ती पहिली मागे घ्या. का घेतलीत, ते गावात येऊन सांगा म्हणजे झालं."

गृहस्थांनी खिशातून पेन काढले. "तुम्ही वकिली करत होतात का हो?"

"बस चालवत होते. तुमच्यापेक्षा द्वाड पोरं होती."

त्यांनी सही केली. सर्वांनी केली असे नाही. तिघांनी तर भेटही नाकारली. तरीही निम्म्याहून अधिक सह्या झाल्या, आणि एवढी नावे पाठीशी आल्यावर ग्रँटला माघार घेता येईना. सभागृहात कारकुनाच्या मेजाशेजारच्या ज्या लाकडी पेटीत नवी विधेयके टाकून मांडतात, तीत त्याने स्वतःच्या हाताने ते विधेयक टाकले. पोस्टाचे विधेयक बाईंच्या शब्दाखातर थांबवण्यात आले. आर्लीनने त्यानंतर बाईंशी बोलणे सोडले, ते त्यांच्या अंत्यविधीपर्यंत.

समितीने ते विधेयक चर्चेस घेतले नाही. त्या गृहाबरोबर ते मेले आणि पुढच्या गृहात पुन्हा मांडले गेले. तेव्हा ग्रँटला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. बाई गेल्यानंतरही प्रत्येक नव्या गृहाच्या पहिल्याच आठवड्यात तो ते मांडतो. त्या देशाचा दर्जा कायम आहे. मतदान अद्याप व्हायचे आहे.