साबण की शाई

सातवीच्या विज्ञानाच्या बाई एका गोष्टीवर अडून बसायच्या. दोन कुंड्या घ्या, माती तीच, पाणी तितकंच, बी एकाच पाकिटातलं. फक्त एक कुंडी उजेडात, दुसरी अंधारात. "बदलायचं ते एकच. त्याला चल म्हणतात. दोन गोष्टी बदलल्यात, तर उत्तर कुणाचं ते देवालाही कळायचं नाही," असं मुलांना बजावायच्या.

घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान! नवरा तरुणपणापासून छापखान्यात मशीन चालवणारा. त्याच्या बोटांची कातडी फाटून रक्त यायला लागलं आणि बाईंच्या जिवाचं पाणी झालं. त्यांनी एकदमच साबण बदलला, आंबट बंद केलं, डॉक्टरांचं मलम सुरू केलं, वर नवऱ्याला रजाही घ्यायला लावली. हात बरे झाले. मग मलम थांबलं, जुना साबण परत आला, रजा संपली, आणि बोटं पुन्हा फाटली. आता दोष द्यायचा कुणाला?

बाईंनी स्वतःलाच खडसावलं. या खेपेला घरातलं सगळं होतं तसंच ठेवायचं, मलमही नाही. बदल एकच, रजा. नवऱ्यानं मान डोलावली, पण नजरेला नजर दिली नाही.

रजेत बोटं भरून आली. म्हणजे शाईच, नाहीतर रोलर पुसायचं ते द्रावण. बाईंना आनंद होईना. त्यातच न्हाणीघर घासताना बादलीमागे दुसराच साबण सापडला, वापरून पातळ झालेला. त्यांनी तो नवऱ्यासमोर धरला.

"मीच आणला. रजेच्या पहिल्या दिवशी."

"अहो, पण का? आता काहीच कळायचं नाही."

"तेच बरं," तो म्हणाला. "साबण असेल तर मशीन सुटत नाही. शाई निघाली तर मी करू काय? मला दुसरं येतं तरी काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

वर्गात कुणी असं केलं असतं तर बाईंनी भोपळाच दिला असता. इथे त्यांनी साबण परत बादलीमागे ठेवला.

तो कामावर गेला. डॉक्टरांनी सुचवलेले हातमोजे कागद धरताना निसटायचे, म्हणून काढून टाकले. पुढे बोटं इतकी फाटली की शर्टाची बटणंही बाईंनाच लावून द्यावी लागली, तेव्हा मालकानं त्याला पुस्तकबांधणीच्या टेबलावर बसवलं. तिथे शाई नाही. साबण तोच जुना. हात हळूहळू भरून आले.

बांधणीकडे जायची जवळची वाट मशीनच्या खोलीतून आहे. तो मात्र मागच्या फाटकानं, लांबून वळसा घालून जातो. हे बाईंना त्याच्या मशीनवरच्या जुन्या जोडीदाराकडून कळलं.