पुतळ्याचं माप

नाटक कंपनी बंद पडली तेव्हा नटांचे सत्कार झाले आणि कपडेपट सांभाळणाऱ्या मास्तरांना त्यांचं जुनं हातमशीन मिळालं. त्यांची काही तक्रार नव्हती. उभ्या हयातीत त्यांनी राजे सजवले, राण्या नटवल्या, पोट सुटलेल्या नायकाला जरीच्या कंबरपट्ट्यात कोंबून तरुण केलं. प्रयोग संपला की विंगेत दोन्ही हात पसरून उभे राहत आणि म्हणत, "महाराज, राज्य इथं ठेवा आणि घरी जा." सगळे हसत. मास्तर तेवढ्यात अंगरख्याची बटणं तपासून मोकळे झालेले असत.

पुढं ते घरोघर जाऊन शिवू लागले. मशीन चादरीत बांधायचं, खांद्यावर मारायचं आणि बोलावणं येईल तिथं बैठक घालायची. टेकडीवरच्या बंगल्यातून बोलावणं आलं तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांची बहीणच जास्त हरखली. तिची मुलगी त्याच बंगल्यात होती. फ्रॉक घालायच्या वयात तिथल्या बाईंना सोबत म्हणून दिलेली, ती आता चांगली बाई झाली असणार. असणार म्हणायचं, कारण मधल्या काळात ती एकदाही घरी आली नव्हती. यायचे ते डबे. बिस्किटं, उंची साबण, लोकरी शाली.

"राणीसारखी राहतेय पोरगी," बहीण म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"डबे म्हणतात. दादा, तुमच्या खोलीत पाऊस आधी येतो आणि तुम्ही नंतर. तिला डोळे भरून बघा आणि या. उगाच काहीतरी बोलून तिचं बस्तान उठवू नका."

बंगल्यातले गालिचे इतके जाड होते की मास्तरांना स्वतःची पावलं ऐकू येईनात. त्यांनी मुद्दाम खाकरून पाहिलं. खाकरणंही कुठंतरी मुरून गेलं. बाई समोर आल्या त्या आल्याच नाहीत, आधीपासून तिथंच असल्यासारख्या दिसू लागल्या. पांढरे केस, मऊ आवाज, चेहऱ्यावर खरीखुरी माया.

"माझ्या सोबतीचे कपडे आहेत," त्या म्हणाल्या. "जुने झालेत. अगदी तसेच नवे हवेत."

"तिला बोलवा, माप घेतो."

"माप नको. पुतळा आहे."

कपड्यांच्या खोलीत मधोमध कापूस भरलेला, बिनडोक्याचा पुतळा होता आणि भोवती रेशमी झगे टांगलेले. मास्तरांनी एकेक झगा उलटा केला. एकच झगा, पण उजवी बाही कधीकाळी कोपरावर झिजली होती, तिथं रफू होतं; डावी आत्ता आत्ता झिजत होती. काखेत पिवळा पडलेला जुना डाग आणि त्यावर नवा. एकीहून जास्त बायकांच्या अंगावरून हे कपडे गेले होते. कंपनीत एक अंगरखा तीन नटांनी घातला की आतून त्याची चाळण व्हायची, कुठं सोडलेला, कुठं आवळलेला. इथं एकाही शिवणीला कुणी हात लावला नव्हता. कापड होतं तसंच होतं. म्हणजे बेतल्या गेल्या होत्या त्या बायका.

मास्तरांच्या मानेवर कुणी फुंकर मारावी तसं झालं. ते वळले. दारात दुसरा पुतळा उभा होता. त्याला डोकं होतं.

"टकळे?" मास्तर म्हणाले. लहानपणी तिचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून त्यांनीच ठेवलेलं हे नाव.

"मामा." मग शब्द शोधून काढत, "मी मजेत आहे. इथं कशाची कमी नाही."

"मी कुठं विचारलं?"

"सगळे तेच विचारतात." ती हलली नाही. "आता मला सोबत म्हणतात. आधीच्या दोघींनाही सोबतच म्हणायचे. हे कपडे पहिलीचे. तिच्यावर बाईंचा फार जीव होता. म्हणून रोज सकाळी माझं वजन होतं. वाढलं तर रात्री जेवण नाही, घटलं तर दुधावरची साय. माझी वेगळी खोली आहे, मामा. खिडकीला जाळी आहे, एकसुद्धा डास येत नाही."

"घरी यावंसं नाही वाटलं?"

"एकदा फाटकाबाहेर गेले होते. परत आणलं." तिनं हे साबणाचा वास सांगावा तसं सांगितलं. "कुणी बोट लावलं नाही. जेवण वेळेवर, अंथरूण स्वच्छ. फक्त महिनाभर माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी हाक मारली तर माणूस पलीकडच्या भिंतीकडे बघायचा. मग मी आरशात बघून यायचे, आहे की नाही म्हणून. शेवटी तर आरशावरही..."

आत कुठंतरी बारीक घंटा वाजली. वाक्य तिथंच सोडून ती निघून गेली. वाक्य संपवायला आलीच नाही.

दुपारी बाईंनी मास्तरांना चहाला बसवलं. भाची त्यांच्या खुर्चीमागं उभी होती.

"तुम्हीही इथंच राहा की," बाई म्हणाल्या. "मागची खोली रिकामी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन करून देऊ. या वयात सुईत दोरा ओवताना किती त्रास होत असेल."

मास्तर मोहात पडले नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. मोतीबिंदू खरा होता, गळकी खोली खरी होती आणि चहा फार सुंदर होता. खुर्ची तर अशी की पाठ त्यातून उठायला तयार होईना. ते भानावर आले तेव्हा भाची त्यांच्याकडे पाहत होती. तिची नजर त्यांच्या खांद्यांवरून, दंडांवरून सरकत होती. ती त्यांचं माप घेत होती.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "टकळे, माझ्याबरोबर येतेस?"

"तिला नका विचारू, गोंधळते बिचारी," बाई म्हणाल्या. "तिच्या आईनं ती मला दिलीय. आणि मी तिला काय कमी केलंय ते तरी सांगा. तुमच्या घरी मिळालं असतं यातलं काही?"

"नसतं मिळालं."

"मग?"

"बाई, आमच्या कंपनीत तुमच्याहून भारी कपडे होते. रोज संध्याकाळी मी ते माणसांवर चढवायचो. रात्री कपडे ठेवून घ्यायचो आणि माणूस घरी सोडायचो. तुम्ही कपडे दिलेत आणि माणूस ठेवून घेतलात. रेशीम कितीही वाढवा, हिशेब तिथंच चुकतो."

मग खुर्चीमागून आवाज आला, "येते."

बाई रागावल्या नाहीत, त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली. "जा," त्या गोड हसून म्हणाल्या. "अंगावरचं मात्र इथलं आहे. ते ठेवून जा."

मास्तरांनी मशीनची चादर सोडली. "माझी आहे," ते म्हणाले आणि टेप काढला.

त्यांनी भाचीच्या कमरेला टेप लावला तशी तिनं पोट आत ओढलं. आकडा पुतळ्याचाच आला, सुताचाही फरक नाही.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"नाही सोडलास. मी नायकांची पोटं बांधली आहेत, मला नको शिकवूस. सोड."

तिनं डोळे मिटले. टेप आधी थरथरला, मग मास्तरांच्या बोटांतून हळूहळू सरकू लागला, सरकतच राहिला. ती रडत होती की नुसती श्वास घेत होती, ते कळत नव्हतं. मास्तरांनी माप घेतलं आणि वर चार बोटं जास्त धरून चादर बेतली. झगा झाला तो दिसायला अगदीच गबाळा.

ती तो घालून पायरीवर आली आणि मागं घंटा वाजली. तिचा उचललेला पाय हवेतच थांबला. मास्तरांना वाटलं, तिचा हात धरावा आणि ओढावं. त्यांनी आपला हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला. ओढून नेली तर ती फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जाणार होती. घंटा पुन्हा वाजली, तेवढीच मऊ, तेवढीच मायाळू. पाय खाली टेकला. बाहेर टेकला.

फाटकावरचा माणूस आडवा आला. "बाईंची घंटा झाली."

"ऐकली," ती म्हणाली.

एवढं त्या फाटकावर कुणी कधी बोललं नसावं. तो माणूस तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता बाजूला झाला.

टेकडी उतरल्यावर रस्त्याला दोन फाटे होते. ती थांबली आणि मास्तरांकडे पाहू लागली. मास्तर खांद्यावरचं मशीन सावरत बसले. ते काही बोलेनात, ती काही हलेना. ऊन उतरलं. मागून हातगाडीवाला आला आणि वैतागला, "ओ ताई, इकडं नाहीतर तिकडं, पण व्हा की कुठंतरी."

घर उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली, आणि थोडं पुढं गेल्यावर एकाएकी बोलायला लागली, कुणाशी ते तिलाच ठाऊक. मास्तर मशीन घेऊन तिच्या मागून चालू लागले.