पंखांखालचं लिंबू

लढाईचे दिवस होते. माझ्या धाकट्या भावाने विमान चालवायला शिकायचं ठरवलं आणि मायने त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकर वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. तिच्या होकाराशिवाय तो जाणार नव्हता आणि माय एकदा नाही म्हणाली की नाहीच. दोघंही सारखेच हट्टी. समेट घडवायला म्हणून मला अकोल्याहून, सासरहून बोलावून घेतलं.

भावाने युक्ती काढली. अमरावतीच्या अजबखान्यात नवी वस्तू आली होती. कोण्या परदेशी माणसाने फार पूर्वी ज्या पंखांनी हवेत झेप घेतली, त्यांची हुबेहूब नक्कल. मायने ती डोळ्यांनी पाहिली की भीती जाईल, असं त्याला वाटलं. भाऊ तसा हुशार, पण मायच्या बाबतीत नाही.

आमच्या वलगावहून बैलगाडीने निघालो. माय तोंड फिरवून बसली होती, तरी तिच्या पदराच्या गाठीत लिंबू होतं. आमच्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडून गाडी पुढे हाकतात. रागावली तरी माय रीत सोडणारी नव्हती; अजबखान्यातली ती वस्तूही तिच्या लेखी नवी गाडीच.

दालनात शिरले आणि मी जागीच थांबले. कमरेइतक्या उंचीवर टांगलेले ते दोन पांढरे पंख! वेताच्या काड्या, त्यावर ताणलेलं सुती कापड, बस्स. एवढ्यावर विसंबून एक माणूस टेकडीवरून धावत सुटला होता आणि जमिनीने त्याला सोडलं होतं. 

माय लिंबू घेऊन वाकली. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"याले चाकच नाही," ती तिथल्या रखवालदाराला म्हणाली. "अन् मानूस बसे कोठी?"

"बसे नाही माय, हातानं लटके. पाय खाली लोंबकळत." आणि कोणी न विचारताच त्याने पुढचंही सांगून टाकलं. "कितीकदा उडला. शेवटी त्याच्यातूनच पडून मेला."

भावाने डोळे मिटले. त्या रखवालदाराला चांगलं झापावं असं मला वाटलं.

माय मात्र तिथेच उभी राहिली. कितीतरी वेळाने तिने पंखाच्या कडेला हलकेच बोट लावलं.

"चाक नाही, बैल नाही, पाय टेकाले जागा नाही," ती पुटपुटली. "तरी गेला बाप्पा!"

मग तिने हात जोडले. देवळात उभी राहायची तशीच ती उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर आल्यावर गाडीत चढता चढता ती थांबली. किती दिवसांनी तिने भावाकडे सरळ पाहिलं.

"तुह्या इमानाले चाकं हायेत?"

"हायेत, माय."

तिने लिंबू त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट मिटली.

"मंग तूच ठेवशीन चाकाखाली," ती म्हणाली. "मी नसन तेथी."