दिवा काढलेली गाडी

गाडी विकून टाकायची, हे आमच्या घरात मला सोडून सगळ्यांचं ठरलं होतं. नवऱ्याचं, सासूबाईंचं, सुट्टीला आलेल्या दिराचं, इतकंच काय, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचंही मत पडलं होतं. विचारलं नव्हतं ते फक्त मला, आणि गाडी माझी होती. माझ्या पगारातून शिल्लक टाकून घेतलेली. जुनी, पांढरी, पेट्रोलची. उचगावात विहारामागच्या आमच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. ती दारात आली त्या दिवशी पेढा खाता खाता एका गृहस्थानं विचारलं होतं, "कुठल्या योजनेतनं मिळाली?" मी म्हटलं, "पगार नावाची योजना आहे. महिनाभर काम केलं की मिळते." त्यांनी दुसरा पेढा घेतला नाही.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. सकाळी एका किल्लीत सुरू व्हायची, छान पळायची, आणि इंजिन चांगलं तापलं की रस्त्याच्या मधोमध गप्प. पुन्हा किल्ली फिरवा, नुसती घरघर. थोडा वेळ गेला की आपोआप सुरू, काही झालंच नाही अशा थाटात. मिस्त्रीच्या दारात नेली की हटकून शहाण्यासारखी वागायची.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण ते वर्ष वेगळं होतं. मी हातकणंगल्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आमच्या संस्थेची एक शाळा चंदगडला होती आणि तिथली मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली होती. सेवाज्येष्ठतेनं ती माझी होती. सोमवारी जायचं, आठवडाभर तिथं राहायचं, शनिवारी परत यायचं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. संस्थेच्या सचिवांकडे गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तिकडचा पाऊस तुम्हाला म्हाईत न्हाय. एसटी आली तर आली. बाईमाणसानं कसं करायचं?"

"माझी गाडी आहे," मी म्हटलं.

"कुठली? ती बंद पडणारी व्हय?" म्हणून ते मोठ्यानं हसले. कोल्हापुरात माणूस पोचायच्या आधी त्याच्या गाडीची अब्रू पोचलेली असते. हसू ओसरल्यावर त्यांनी तोडगा काढला. "असं करा. पुढल्या म्हयन्यात शाळा समितीची बैठक तिकडंच हाय. तुमची गाडी घिऊन तुम्ही एकट्या या. येळेत आला तर खुर्ची तुमची. न्हाय तर सरांना देऊन टाकूया की."

हे सर आमच्याच हायस्कुलातले, माझ्यानंतर कित्येक वर्षांनी नोकरीला लागलेले. त्यांना कुणी गाडी चालवून दाखवायला सांगितलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी "येते" एवढंच म्हटलं आणि बाहेर पडले.

आमचे मिस्त्री हायवेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. ही गाडी मी त्यांच्याच मध्यस्थीनं घेतली होती. मनानं वाईट नव्हते, पण त्यांचे उपाय ठरलेले. बॉनेटला कान लावायचा, प्लग पुसायचे, बॅटरीची वायर काढून थोड्या वेळानं परत लावायची आणि म्हणायचं, "आता बगा, हरणासारखी पळती." त्या दिवशी त्यांनी आणखी एक उपाय सुचवला. "बाई, राग मानू नका, पण लिंबू-मिरची बांधा की म्होरं. नवी गाडी, नजर लागतीया."

"आमच्यात बांधत नाहीत. आणि नजर लागायला ती नवीही नाही," मी म्हटलं, "मला दुखणं काय आहे ते कळायला हवं."

अशा इंजिनाला एक छोटा संगणक असतो, बिघाड झाला की तो आकड्यांत नोंद ठेवतो आणि ती नोंद वाचायचं यंत्र मिळतं, इतकं मी वाचलं होतं. मग ते यंत्र आपण का घेऊ नये? प्रयोगशाळेसाठी मीटर, काटे, भिंगं मीच निवडून आणायची. दुकानदार चकचकीत डबा पुढं करायचा आणि मी त्याला आतलं मोजमाप विचारायची. गाडीच्या बाबतीतच मी अचानक अडाणी का व्हावं?

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या तरुणानं ट्रॉलीवरचं मोठं यंत्र आणून जोडलं, बटणं दाबली आणि वायर गुंडाळली. "आलंतं कायतरी. पुसून टाकलं."

"काय आलं होतं?"

"ते तुम्हाला कळायचं न्हाय, मॅडम."

"मला काय कळायचं नाही ते मी ठरवीन. आकडा सांगा."

आकडा आता कुठून सांगणार? पुसलेला होता. ताप किती आहे ते न सांगता थर्मामीटर झटकून ठेवणाऱ्या डॉक्टरला आपण पुन्हा दारात उभं करणार नाही, पण इथं लोक रांगेत उभे राहून पावती फाडत होते. मी फाडली नाही. साहेबांना बोलवा म्हटलं, साहेब आले, आणि पावतीशिवाय माझी गाडी बाहेर पडली.

मग परदेशी यंत्र आलं. शाळेतल्या एका बाईंचा मुलगा अमेरिकेहून आला होता, त्यानं आपला कोड वाचायचा रीडर माझ्या हातात ठेवला. तळहाताएवढा, पिवळा, देखणा. रविवारी सकाळी गल्लीतली निम्मी माणसं गाडीभोवती जमली. मिस्त्रीही स्कूटर थांबवून उभे. मी स्टिअरिंगखालचं सॉकेट शोधलं, प्लग त्यात असा घट्ट बसला की माझं मलाच कौतुक वाटलं. किल्ली फिरवली. पडद्यावर बराच वेळ ठिपके पळाले आणि शेवटी आलं, "लिंक एरर." पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"पावणं लांबनं आल्यात," मिस्त्री म्हणाले, "दमलं असतील. च्या पाजा त्यास्नी." सगळी गल्ली हसली. नवरा घरात निघून गेला, मला लाज आणलीस असा चेहरा करून. मला लाज वाटली नाही. मला राग आला होता, आणि रागात माझं डोकं बरं चालतं.

संध्याकाळी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन बसले. कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत मी एकटीच साडीवाली. वाचता वाचता उलगडलं. सॉकेटचा आकार जगभर सारखा असला तरी आत कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते कंपनीगणिक वेगळं, आणि त्या काळच्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना त्या सर्वसाधारण रीडरची भाषा येतच नव्हती. प्लग बसला म्हणजे काम झालं, असं समजून माझ्यासारखे किती जण फसले असतील. पुढं दुसरी गाडी घेतली तेव्हा मी स्कॅनर विकत घेतला, पण दुकानात पडदा किती मोठा हे मी विचारलं नाही. आधी माझ्या गाडीला लावून दाखवा म्हटलं. नुसता कोड पुसतो की इंजिन चालू असताना सेन्सर काय सांगतायत तेही दाखवतो, हे विचारलं. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

माझ्या त्या गाडीला मात्र यंत्राची गरजच नव्हती. तपासणीच्या सॉकेटमधल्या दोन ठरावीक पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या आणि किल्ली फिरवायची. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागतो. किती वेळा लुकलुकतो ते मोजलं की आकडा मिळतो. दुसऱ्या दिवशी मी वायर कापली, टोकं सोलली, पिना जोडल्या, किल्ली फिरवली. तेलाचा दिवा लागला, बॅटरीचा लागला. इंजिनाचा लागलाच नाही.

तेव्हा लक्षात आलं की तो मी कधीच लागलेला पाहिला नव्हता. गाडी सुरू करण्याआधी तो एकदा लागायलाच हवा. तो दिसत नाही म्हणून मी इतके महिने समाधानात होते की निदान इंजिनात मोठं काही नाही. मीटरचा डबा स्क्रू काढून बाहेर ओढला. मागं सगळे बल्ब आपापल्या जागी होते, एका भोकात बल्ब नव्हता.

मीटर उघडाच ठेवून तशीच गाडी घेऊन शेडवर गेले. "मिस्त्री, इंजिनाचा दिवा कुठं गेला?"

"मीच काढलता की," ते अभिमानानं म्हणाले, "मागच्या मालकाच्या टायमालाच. सारखा पेटायचा. गिऱ्हाईक घाबरतंय, बाई. दिवाच न्हाय म्हटल्यावर भ्या कसलं? आन् फुकटात करतो, पैसं घेत न्हाय." फळीवरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. आत तसले बारके बल्ब खच्चून भरलेले. अर्ध्या कोल्हापूरच्या गाड्यांची तोंडं या माणसानं बंद करून डब्यात ठेवली होती. आणि लोक खूश होऊन जात होते.

मी भडकले. "तुमचं मूल रडायला लागलं तर त्याचा घसा काढता का हो?" शेडमध्ये काम थांबलं. मिस्त्री जरा ओशाळले, मग डबा हलवून म्हणाले, "घ्या की मग. कुठलाबी घ्या. पण पेटल्यावर माझ्याकडं रडत यायचं न्हाय."

"रडत नाही येणार. पेटला तर मला आनंदच होईल."

बल्ब तिथंच बसवला. पिना जोडल्या. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. शेडमधले सगळेच मोजायला लागले, मिस्त्री सर्वांत मोठ्यानं. कॅफेतून उतरवून आणलेल्या यादीत पाहिलं, आकडा निघाला तो एका सेन्सरचा. इंजिन फिरतंय की नाही हे संगणकाला सांगणारा, इंजिनाच्या डोक्याजवळच बसवलेला. तापला की तो मुका व्हायचा, संगणकाला वाटायचं इंजिन थांबलंय, आणि तो पेट्रोल बंद करायचा. थंड झाला की पुन्हा बोलायला लागायचा. इंजिन ठणठणीत होतं. मी तिथंच उभी राहून आनंदानं हसले, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. इतके महिने ती बिचारी सांगत होती, ऐकायची सोय आम्ही काढून ठेवली होती.

पण नवा सेन्सर कोल्हापुरात नव्हता. मागवला होता, तो येईना, आणि बैठकीचा दिवस उजाडला. "मिस्त्रींना बरोबर ने, न्हाय तर जाऊच नको," नवरा म्हणाला, "वाटेत बंद पडली तर आजच विकायची." मी म्हटलं, "विकायची तर माझी सही लागते." पाण्याचा कॅन घेतला, जुन्या धोतराचे तुकडे घेतले आणि गरजेपेक्षा खूप लवकर निघाले. गाडी नादुरुस्तच होती. फरक एवढाच की आता ती कुठं आणि का अडणार, हे मला ठाऊक होतं.

गडहिंग्लजपर्यंत सुरळीत गेली. नेसरीच्या पुढं चढावर भरलेल्या ट्रकमागं रांगत राहावं लागलं, इंजिन तापलं, दिवा लागला आणि गाडी थांबली. पाऊस धो धो कोसळत होता. मी बॉनेट उघडलं, छत्री मानेत धरली, जोडणीच्या पिना सांभाळून सेन्सरवर ओलं फडकं गुंडाळलं आणि वाट बघत उभी राहिले.

तेवढ्यात मागून जीप आली. आत सचिव, समितीचे दोघं, आणि ते सर. काच खाली झाली. "काय मॅडम! पडली न्हवं बंद? सांगितलंतं मी. बसा मागं, भिजताय कशाला."

जीपमध्ये जागा होती, कोरडी. तिच्यात बसून मी बैठकीला वेळेत पोचले असते आणि खुर्ची तिथंच, त्या चढावर, सोडून गेले असते. "तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं, "बैठक सुरू व्हायच्या आत येते."

"आवं, ती काय आता चालू व्हतीया?"

"व्हती की," मी म्हटलं. सर खिडकीतून दुसरीकडे बघत होते. जीप गेली.

ती गेल्यावर मात्र मी घाबरले. पाऊस, सुनसान चढ, आणि सगळी भिस्त एका ओल्या फडक्यावर. पहिल्यांदा किल्ली फिरवली तर सुरू झाली नाही. फडकं बदललं, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा थांबले. त्या चढावर मी संस्थेला, सचिवांना, पेढेवाल्या गृहस्थाला मोठमोठ्यानं शिव्या दिल्या; ऐकायला कुणी नव्हतं. नंतर किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं.

शाळेत पोचले तेव्हा समितीचा चहा चालू होता. पदर पिळून मी आत गेले. हात कोपरापर्यंत काळे. सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "आलात म्हणायचं. पण वाटेत बंद पडलीच की, मॅडम. उद्या परत पडली तर?"

"परत सुरू करीन. कशानं पडते ते मला माहीत आहे. तुमच्या या शाळेचा निकाल कशानं पडतोय ते आहे का इथं कुणाला माहीत?"

शिपाई माझ्यासाठी कप घेऊन आला, तो मी काळ्या हातांनीच घेतला आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. ती मुख्याध्यापकाची होती, हे बसल्यावर लक्षात आलं. उठले नाही. महिन्याअखेरीस आदेश आला, त्यात माझ्या नेमणुकीपुढं 'तात्पुरती' असा शब्द होता. त्याच तात्पुरत्या खुर्चीवरून मी निवृत्त झाले.