आवतनासाठी एक दाबा

“अरे तात्या, कुठं मेला होता रं तू? माझ्या पोरीचं लग्न, अन् माझीच भावकी पंगतीला न्हाई!”

दादाराव ओरडत होता. नवरीचा बाप तो. मांडवाच्या मधोमध, फेटा सुटून गळ्यात आलेला, आणि आवाज असा की मी लावलेले सगळे स्पीकर त्याच्यापुढं मुके वाटावेत. समोर उत्तमतात्या. वयानं त्याच्या बापासारखे. जन्मभर ‘अहो तात्या’ म्हणणाऱ्या तोंडातून त्या दिवशी पहिल्यांदा ‘अरे’ निघालं. आणि त्या ‘अरे’चा खरा मालक कोण? मी. शेजारीच उभा होतो — सुटाबुटात, हातात माईक.

हे मी आजवर एक माणूस सोडून कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढंसुद्धा नाही. तसा मी गप्प बसणारा गडी नाही बरं का; राजूरच्या चौकात मी तोंड उघडलं की चहावाला न सांगता आधण वाढवतो. पण ही गोष्ट जवळ आली की मी पावसाचं बोलतो, कापसाच्या भावाचं बोलतो, कशाचंही बोलतो. सरळ सांगायची धमक असती तर तेव्हाच सांगितलं नसतं का? म्हणून जरा वळशानं येतो. सांभाळून घेऊ नका.

माझा धंदा मंडपाचा. बांबू, कनाती, भोंगे. लॉकडाऊन आला आणि लग्नं उंबऱ्याच्या आत गेली. माझ्या कनाती गोदामात पडल्या. उंदरांनी त्यांच्यावर आपल्या नाती-पणतींची लग्नं लावली, तीही बिनभाड्याची. पुढं बाजार उघडला तर सगळंच फिरलेलं. लोक मोबाईलवर मुंबईचा मांडव दाखवून म्हणायचे, “असा पाह्यजे.” जालन्याची पोरं लॅपटॉप घेऊन गावोगाव पॅकेज विकायला लागली. सगळे एकच सांगायचे — बदल. बाबा, बदल, न्हाई तर संपला! मीही बदललो. पाटीवरचं ‘मंडप डेकोरेटर्स’ पुसलं, ‘इव्हेंट प्लॅनर’ लिहिलं. पडदा एवढा मोठा आणला की नवरदेवाच्या नाकातला केस शहागडच्या पुलावरून दिसावा. ड्रोन आणला, त्यानं पहिल्याच दिवशी दोन बगळे संसारातून उठवले. इथवर ठीक होतं. इथवर मी नुसता फेकाड्या होतो.

मग मला आवतनाची अक्कल सुचली.

आमच्याकडं पत्रिका आली म्हणून कुणी जेवायला येत नाही. आदल्या दिवशी माणूस दारात यावा लागतो. उंबऱ्यापाशी उभा राहून तो म्हणणार, “चूलबंद आवतन हाये.” म्हणजे उद्या तुमच्या घरी चूल पेटायची नाही; खाटेवरच्या म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळे आमच्या पंगतीला. एवढं कानावर पडलं की सगळं घर येतं. नाही पडलं तर भावकीतला सख्खा चुलताही येत नाही — आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दादारावच्या गावात, हसनाबादच्या अलीकडं, हे काम उत्तमतात्यांचं. कुणाच्या घरी कुणाचं पटत नाही, कोणत्या सुनेला वेगळं सांगावं लागतं, सगळं त्यांना तोंडपाठ; तात्या गल्लीत शिरले की लोक ओसरीवर येऊन थांबायचे. बदल्यात लग्नघरचा टॉवेल-टोपी आणि पंगतीत पहिल्या रांगेचा मान.

तो मान माझ्या डोळ्यात खुपायचा का? खरं सांगू — हो. सगळा मांडव माझा, झगमगाट माझा, आणि लोक येणार या म्हाताऱ्याच्या शब्दावर!

दादारावनं मला बजावलं होतं, “बाकी तुझं तू पाह्य, पण आवतनाचं तात्याला बराबर सांग.” मी म्हणालो, सांगतो. आणि तात्यांच्या घरी जाऊन काय सांगितलं? “तात्या, आता तुमी आराम करा. आवतन मशिन देणार हाये.” तात्यांनी विचारलं, “दादारावला चालतं का?” मी म्हणालो, त्यानंच सांगितलंय. एक खोटं तिथंच झालं. पण ते लहान होतं. लहान म्हणतोय मी त्याला!

मशिन म्हणजे फोन. माझ्या आवाजात एकदा भरायचं, की सगळ्या गावाच्या खिशात एकदम घंटी. निम्म्यांना वाटलं कर्जवाल्याचा फोन, त्यांनी कापला. उरलेल्यांनी ऐकला, आणि ते जास्त वाईट झालं. कारण त्यात मी, शहाण्यानं, भरलं होतं: “सहकुटुंब येणार असाल तर एक दाबा. एकटे येणार असाल तर दोन दाबा.”

जेवायला किती जण येता, असं आवतन देताना विचारतात? भावकीला? अरे, आमच्यात एवढ्यावरून बांध फुटतात! लोकांनी एक दाबलं नाही, दोन दाबलं नाही. फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, मी डीजे थांबवला, पंगतीचा पुकारा केला — आणि त्या शांततेत गावातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. एका घरातून, मग दुसऱ्या, मग जणू सगळं गाव माझ्याकडं बघून शिट्ट्या मारतंय. ही थाप नाही. माझ्या सगळ्या थापा एकीकडं, ही एक खरी. वऱ्हाड जेवत होतं, आणि नवरीकडच्या रांगेत पत्रावळ्या वाऱ्यानं उडत होत्या. बुंदी ढिगानं. नवरी पडद्यावर दिसत होती, भिंतीएवढी — आणि तिच्या डोळ्यातलं पाणीही भिंतीएवढं.

दादारावनं तात्यांना बोलावून घेतलं. ओरडला. तात्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, हा सांगेल. एवढंच वाटलं त्यांना — की हा सांगेल.

आणि मी बोललो. “आवतन द्या म्हणून मी कालच सांगून आल्तो त्यांना. मशिन आलं म्हणून रुसून बसले.”

माईक चालू होता.

खोटं बोलायलासुद्धा मी साऊंड सिस्टिम लावली! पिंपळावरच्या भोंग्यापर्यंत गेलं ते. जेवणारं वऱ्हाड थांबलं. घरोघर ताटावर बसलेल्या माणसांनी ऐकलं. तात्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याजवळ माईक नव्हता. दादाराव अनवाणी घरोघर गेला, हात जोडत. काही आले. बहुतेक जण म्हणाले, आता तवा चढला.

त्यानंतर त्या गावात तात्यांना कुणी आवतनाला बोलावलं नाही. ज्या ओसरीवर लोक त्यांची वाट पाहायचे, तिथं त्यांना बसा म्हणेना कुणी. रुसून गावच्या लेकीचं लग्न बिघडवणारा माणूस! आणि मी? मी बदललो ना! त्याच वर्षी नवीन पॅकेज काढलं — ‘पारंपरिक आवतन’. भाड्याचे फेटे घातलेली पोरं दारोदार फिरतात, वरून ड्रोन, आणि पोरांच्या तोंडात तात्यांचाच शब्द: चूलबंद. जोरात चालतंय. जालन्यात व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात मला स्टेजवर बसवलं, बदलत्या काळात इव्हेंटचा धंदा कसा टिकवावा म्हणून. मी सांगितलं, “एका म्हाताऱ्याच्या रुसव्यानं मला शिकवलं!” टाळ्या. अशा टाळ्या की वाटलं, छत खाली यावं. यायला पाहिजे होतं. माझ्याच डोक्यात यायला पाहिजे होतं!

बदल म्हणे. काय बदललं माझ्यात? पाटी. ज्या माणसाचं काम खाल्लं, त्याचाच शब्द विकतोय — याला धंदा टिकवणं म्हणतात? म्हणत असतील. मीच शिकवलंय ना लोकांना.

मागच्या आठवड्यात गेल्तो तात्यांकडं. शेळ्यांना पाला टाकत होते. मी आधी पावसाचं बोललो. मग सगळं बोललो — त्यांना काय सांगितलं होतं, दादारावनं काय बजावलं होतं, सगळं. तात्यांनी पाला टाकून घेतला. हात झटकले.

“मला कशाला सांगून राह्यला?” ते म्हणाले. “तवा तर माईकवर बोल्लता.”