डिकीतला वास

सासरे गाडीत माझ्या शेजारी बसत नसत. मी चालवायची, शेजारची सीट रिकामी, आणि ते मागे खिडकीशी, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून. बघणाऱ्याला भाड्याची गाडी वाटावी. वाटेत बोललेच तर गाडीबद्दल बोलत. "गिअर उशिरा टाकतेस." "घातलीस खड्ड्यात." गाडी त्यांची होती, निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली, मागे डिकीचं शेपूट असलेली लांब गाडी. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना चालवायला मनाई केली, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. ती त्यांनी दिली नाही. माझ्या नवऱ्याने त्यांच्यादेखत खुंटीवरून काढून माझ्या हातात ठेवली आणि पुढच्याच आठवड्यात तो जहाजावर निघून गेला.

नवरा मर्चंट नेव्हीत आहे, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे रत्नागिरीतल्या त्या घरात आम्ही दोघंच, मी आणि सासरे. माझं माहेर मिरकरवाड्याच्या मासळी बंदराच्या वरच्या अंगाला. वडील ट्रॉलरना बर्फ पुरवायचे. आमच्याकडे मासळीशिवाय जेवण व्हायचं नाही, आणि सासरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद. लग्न ठरताना मी शब्द दिला होता की या घरात मासळी आणणार नाही. तो मी पाळत होते. खायची ती माहेरी जाऊन खायचे आणि हात तीनतीनदा धुऊन परत यायचे. सासऱ्यांना ते पटत नसे. मी घरात शिरले की ते पंखा वाढवत.

त्या पावसाळ्यात एकदा त्यांना डॉक्टरकडे नेत होते. बाहेर धो धो पाऊस, काचा बंद. मारुती मंदिराच्या सर्कलला गाडी अडली आणि मागून आवाज आला.

"वास येतोय."

"कसला, बाबा?"

"मला विचारतेस? तुला नाही येत? नाहीच येणार म्हणा. नाकाला लहानपणापासून सवय."

मी आरशात बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"बंदर बंद आहे, बाबा. होड्या सगळ्या वर ओढून ठेवल्यात. ताजी मासळी आणायची कुठून?"

"सुकी असते की," ते म्हणाले. "पावसाळ्याची बेगमी. मला काही माहीत नाही असं समजू नकोस."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर नाकाशी काय काय येतं ते सांगण्यासारखं नाही. वास मलाही येत होता, पण तो मासळीचा नव्हता. ओल्या गोणपाटाला बुरशी चढली की येतो तसा होता. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तेही माझ्या माहेरच्या खात्यात टाकलं असतं. मी गिअर टाकला.

घरी आल्यावर डिकी उघडली. वरचं कार्पेट दाबलं तर बोटांमधून पाणी आलं. ते उचललं, खालचा पुठ्ठा लगद्यासारखा हातात आला, आणि त्याखाली स्टेपनी चक्क पाण्यात बसलेली. जॅकला लालभडक गंज. पाणी कधीचं साठलं होतं कोण जाणे, वर एक तवंग धरला होता. मला एकदम हायसं वाटलं. हा पुरावाच होता. मी ओरडून त्यांना बोलावलं.

"बघा बाबा. मासळी नाही, पाणी आहे. पावसाचं पाणी आत येतंय."

ते पायरीवरच थांबले. खाली उतरलेसुद्धा नाहीत.

"बर्फ वितळला की पाणीच होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

मी तशीच उभी राहिले, हातात तो ओला पुठ्ठा. वडील वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे सासऱ्यांना माहीत होतं, मर्तिकाला ते येऊन गेले होते.

गॅरेजवाल्याने डिकीच्या झाकणाचं रबर बदललं. चार दिवसांनी पुन्हा पाणी. तो म्हणाला, "ताई, खालचं बूच काढून टाकूया. येईल तेवढं पाणी खालनं जाईल." म्हणजे पाणी येत राहणार, वास येत राहणार आणि माझ्यावरचा आळही तसाच राहणार. मी नको म्हटलं. रोज संध्याकाळी लॅबमधून आले की टॉवेलने डिकी पुसायची, पिळायची, वर्तमानपत्रं अंथरायची. सासरे झोपाळ्यावर बसून बघत असत.

रात्री नवऱ्याचा फोन आला की मी सांगायची. तो म्हणायचा, "ते तसेच आहेत. तू मनावर नको घेऊ." त्याचा आवाज समुद्रावरून तुटत तुटत यायचा. मी म्हणायची, "तू एकदा बोल त्यांच्याशी." "बोलतो," म्हणायचा. बोलला नाही.

श्रावणातल्या सोमवारी वेळणेश्वरच्या शंकराला जायचा त्यांचा नेम. त्यांची बहीण तिथे असते. मी लॅबमधून रजा काढली होती, गाडी धुऊन पुसून ठेवली होती, डिकीत कापूर ठेवला होता. ते धोतर नेसून, पिशवी घेऊन बाहेर आले आणि गाडीच्या बाजूने सरळ फाटकाकडे चालू लागले.

"बाबा, गाडी इकडे आहे."

"मी एस्टीने जातोय."

"पावसात? कशाला?"

"देवाला जायचंय. त्या गाडीत बसून नाही जाता यायचं."

समोरच्या घरातल्या बाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा हात थांबला. सासऱ्यांनी हे त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं. संध्याकाळी ते भिजून, दमून परत आले. त्याआधीच आत्यांचा मला फोन येऊन गेला होता. "अगो, म्हाताऱ्या माणसाला एस्टीने पाठवलंस? निदान श्रावणात तरी त्या गाडीतनं तसलं काही नेऊ नको गो."

मला रडू आलं नाही. राग आला. त्या रविवारी पाऊस उघडला, ऊन पडलं. मी डिकी पूर्ण रिकामी केली. कार्पेट, पुठ्ठा, स्टेपनी, बाजूंचं अस्तर, सगळं काढून अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांवर पसरलं. आतला पत्रा कोरडा केला आणि प्रत्येक सांध्यावर टाल्कम पावडर शिंपडली. पाणी जिथून येईल तिथे पावडरीत ओघळ उमटणार. मग झोपाळ्यापाशी गेले.

"बाबा, तुम्ही म्हणता मासळी, मी म्हणते पाणी. आज बघूया. मी डिकीत बसते. तुम्ही झाकण लावा आणि वरनं नळीने पाणी मारा. मी आतनं ठोकलं की उघडा."

ते लगेच उठले, इतके लगेच की मला नवल वाटलं. मी खोटी पडताना बघायची संधी त्यांना सोडायची नव्हती.

गुडघे पोटाशी घेऊन, हातात टॉर्च धरून मी आत आडवी झाले. झाकण पडलं. आमच्या गाडीत मागची सीट पाडता येत नाही, आतून उघडायची सोय नाही. हे मला माहीत होतं, पण खटका लागल्याचा आवाज आला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. मग डोक्यावर पाण्याचा मारा सुरू झाला. आधी काचेवर, मग झाकणावर. आत काही नाही. झाकणाच्या रबराशी टॉर्च फिरवली, कोरडं. पाणी डाव्या बाजूला गेलं, कोरडं. उजव्या बाजूला आलं आणि मागच्या दिव्याच्या वरच्या कोपऱ्यात एक थेंब चमकला. तो फुगला, सुटला. त्यामागे दुसरा. मग पत्र्यावरून एक बारीक धार पावडर कापत खाली स्टेपनीच्या खळग्यात गेली.

मी ठोकलं.

पाणी चालूच राहिलं. मी पुन्हा ठोकलं, मुठीने. "बाबा, सापडलं! उघडा!" पाणी थांबलं. पावलं वाजली, लांब गेली. मग काहीच नाही. ऊन पत्र्यावर तापत होतं, घाम डोळ्यांत जात होता. श्वास घेतला की पावडर घशात जात होती. मी दोन्ही पायांनी झाकणावर लाथा मारल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. फार नसेलही. मला तो पुष्कळ वाटला. मग खटका उघडला आणि उजेड आला.

"ऐकू आलं नाही तुम्हाला?"

"आलं," ते म्हणाले. "नळ बंद करत होतो."

नळ गाडीपासून चार पावलांवर आहे.

मी पाना आणला, दिव्याचे नट सोडवले आणि दिवा बाहेर ओढला. मागे कंपनीचं रबर असतं ते नव्हतंच. त्याऐवजी काळ्या स्पंजचे तुकडे चिकटवलेले, तेही कुजलेले. दिवा बसतो तिथला पत्रा हातोडीने ठोकून सरळ केलेला. वर पुट्टी भरून रंग मारलेला, आणि पुट्टीला उभी भेग.

"हे कधी झालं, बाबा?"

"कंपनीतनंच तशी आली असेल."

"कंपनीत हातोडीने ठोकत नाहीत. गाडी मागनं आपटली आहे. माझ्या हातनं नाही."

"माझ्या हातनं या गाडीला ओरखडासुद्धा उठलेला नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. पण पायरी चढताना त्यांनी खांबाला हात लावला.

रात्री फोनवर मी नवऱ्याला मागच्या दिव्यापाशी ठोकलेला पत्रा सापडल्याचं सांगितलं, पुढे काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "उजवा दिवा का? हां. बाबांनी मागे घेताना फाटकाच्या खांबाला लावली होती. ऑपरेशनच्या आधी. दिसत नव्हतं ना त्यांना. कोणाला बोलू नकोस म्हणाले होते. मीच नेऊन करून आणली."

मला क्षणभर त्या म्हाताऱ्याची दया आली, दिसत नसताना गाडी मागे घेणाऱ्या. पण ती टिकली नाही.

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"मला काय माहीत पाणी तिथनं येतंय?"

"पाण्याचं नाही विचारत. मी मासळी नेत नाही हे तर माहीत होतं ना तुला? महिनाभर रोज सांगत होते. एकदा त्यांना म्हणाला असतास, ती नेत नाही म्हणून. एवढंच."

तो म्हणाला, "आवाज कट होतोय." आवाज अजिबात कट होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानातून नवीन रबर आणि सील करायची काळी चिकट पट्टी आणली. कुजका स्पंज खरवडला, गंज घासला, प्रायमर मारला, भेगेत सीलंट भरला, पट्टी दाबून बसवली, दिवा लावला. मग आत पुन्हा पावडर शिंपडली, नळी लावून पाणी मारलं आणि झाकण उघडून बघितलं. या वेळी मी आत बसले नाही. पावडर जशीच्या तशी. नवं कार्पेट मी लॅबमधून येता येता घेतलं. त्यानंतर पाऊस पुष्कळ पडला, डिकीत थेंब आला नाही. सासरे त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. आत्यांना मात्र फोनवर सांगताना मी ऐकलं, "हो, वास गेला. मी लक्ष घातलं म्हणून."

नवरा सुट्टीवर आला तेव्हा पहिल्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. तो जहाजावरच्या गमती सांगत होता, सासरे हसत होते. मी मध्येच म्हटलं, "गाडी खांबाला लागली तेव्हा नक्की काय झालं होतं? मला कोणी सांगितलंच नाही."

नवऱ्याने मान खाली घातली आणि भात कालवायला लागला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, कदाचित लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं सरळ.

"ताक वाढ," ते म्हणाले.

ताकाचं भांडं माझ्या हाताशी होतं. मी जेवत राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. थोड्या वेळाने नवरा उठला, माझ्या मागून वळसा घालून आला, आणि त्याने ताक वाढलं.